कापूस कमिशनरचे कूळ : वऱ्हाडातील रिव्हेट-कर्नाक घराण्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

जॉन हेन्री रिव्हेट-कर्नाक हा १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांचा कापूस कमिशनर होता. आजचा यवतमाळ जिल्हा, म्हणजे त्या वेळचा वणी जिल्हा, त्याच्या कार्यक्षेत्रात मोडत होता. बी कोणते पेरावे, रुई कोठे दाबावी, ती कोणत्या वाटेने मुंबईला न्यावी, कापसाखालची जमीन कशी वाढवावी, या प्रश्नांवरचे त्याचे अहवाल सरकारदरबारी आणि कापडाच्या गिरण्यांच्या गावी वाचले जात. वऱ्हाडच्या शेतीला कापसाकडे वळवणाऱ्या सरकारी माणसांत त्याचे नाव घ्यावेच लागते.

त्याचे आडनाव मात्र तो वऱ्हाडात येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी मुलखाला ठाऊक होते. १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांपुढे नमलेल्या इंग्रजी मोहिमेचा एक सूत्रधार कर्नाक होता. १८३९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून दूर करणारा मुंबईचा गव्हर्नरही कर्नाकच होता. वडगाव, सातारा आणि वऱ्हाडचा कापूस या तीन ठिकाणी येणारे हे आडनाव एकाच घराण्याचे आहे. त्या घराण्याचा मूळपुरुष कोण, तो कोठून आला आणि वऱ्हाडच्या कमिशनरपर्यंत हे नाव कसे पोचले, हा या अभ्यासाचा विषय आहे.

शोधाअंती दोन गोष्टी ठळकपणे पुढे येतात. ज्या घराण्याला सरसकट इंग्रज समजले जाते, त्याचे नाव फ्रान्समधून परागंदा झालेल्या एका कुटुंबाचे आहे. आणि हे नाव रक्ताच्या नात्याने चालत आलेले नाही. ते एका मृत्युपत्राच्या अटीने दुसऱ्या कुळात गेले आहे. वंशावळ केवळ आडनावावरून मांडली तर या दोन्ही गोष्टी हातून निसटतात. म्हणून घराण्याची हकीकत आणि ती सिद्ध करण्याची रीत, या दोन्हींचा विचार येथे एकत्र केला आहे.

जिल्हा आणि काळ

अठराव्या शतकात वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल होता. डिसेंबर १८०३ मधील देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरचा हक्क सोडला आणि तो निजामाकडे गेला. एप्रिल १८१८ मध्ये पळतीवर असलेल्या दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेला कर्नल ॲडम्सच्या तुकडीने पांढरकवड्याच्या परिसरात गाठले आणि उधळून लावले. त्यानंतर सुमारे दीड महिन्याने, जूनच्या आरंभी, बाजीरावाने इंग्रज सेनानी माल्कमपुढे शरणागती पत्करली. पेशवाईच्या अखेरच्या लढतींपैकी एक अशी याच जिल्ह्याच्या भूमीवर झाली.

पुढची पस्तीस वर्षे वऱ्हाड निजामाच्या कारभारात राहिले. निजामाच्या तनख्याचा, म्हणजे हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चाचा, पैसा थकत गेला आणि मे १८५३ मधील तहाने वऱ्हाडचा महसूल त्या खर्चासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती देण्यात आला. प्रदेशाचे स्वामित्व निजामाचे, कारभार हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटचा, अशी ही व्यवस्था १९०३ पर्यंत टिकली. १९०२ च्या करारानंतर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने ब्रिटिश सरकारकडे आले आणि मध्य प्रांताला जोडले गेले. ही घटनात्मक गुंतागुंत वंशशोधकाने आधी समजून घ्यायला हवी. कारण कोणत्या अधिकाऱ्याचे कागद कोणत्या दप्तरात सापडतील हे तिच्यावर ठरते.

१८६४ मध्ये पूर्व वऱ्हाडातून दक्षिण-पूर्वेचा भाग वेगळा काढून नवा जिल्हा करण्यात आला. पुढे त्याला वणी जिल्हा म्हणू लागले. यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी हे त्याचे तालुके. १९०५ च्या फेररचनेत वाशीम जिल्ह्यातून पुसद तालुका त्याला जोडला गेला आणि जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. म्हणून १९०५ पूर्वीच्या कागदांत यवतमाळ जिल्हा शोधणाऱ्याला तो सापडत नाही; वणी किंवा दक्षिण-पूर्व वऱ्हाड या नावांखाली तो पाहावा लागतो.

जिल्हा जन्मला तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील दक्षिणेकडील राज्यांचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि गिरणीमालकांचे लक्ष हिंदुस्थानाकडे वळले. मँचेस्टरमध्ये १८५७ सालीच कापूस पुरवठा वाढवण्यासाठी मंडळ स्थापन झाले होते. त्याचा सरकारवरील दाब आता वाढला. वऱ्हाडचा कापूस पूर्वी बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. फेब्रुवारी १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. बडनेरा, धामणगाव, पुलगाव ही स्थानके रुळावर आली आणि यवतमाळचा माल धामणगावच्या रस्त्याने रेल्वेकडे वाहू लागला. मिर्झापूरची वाट बंद पडली आणि मुंबईची उघडली, त्या बदलाच्या काळात रिव्हेट-कर्नाक वऱ्हाडच्या कापसाचा कारभार पाहत होता.

कमिशनरचे काम

कापूस खात्याचा मुख्य हेतू वऱ्हाडची रुई अधिक, स्वच्छ आणि लवकर निर्यात व्हावी हा होता. रुईत सरकी, माती किंवा हलका माल मिसळण्याची तक्रार व्यापारी सतत करत. मुंबई इलाख्यात तर १८६३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला होता. रिव्हेट-कर्नाकने हिंगणघाटच्या लांब धाग्याच्या कापसाला महत्त्व दिले. या वाणाचे निवडक बी राखणे आणि पसरवणे हा त्याच्या खात्याच्या कामाचा भाग होता. बाजारांना लोहमार्गाच्या शाखा जोडण्यावर त्याचा भर होता. १८७० मध्ये खामगावची शाखा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते सुरू झाली; अमरावतीलाही बडनेऱ्याहून शाखा मिळाली.

त्याच्या अहवालांतील एक विचार मात्र आज वाचताना थांबावे लागते असा आहे. एखाद्या भागात रेल्वेची शाखा गेली की विलायती कापड तेथील देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, घरोघरी सुतासाठी खर्ची पडणारी रुई निर्यातीला मोकळी होईल, कातणारे-विणणारे हात शेतमजुरीकडे वळतील आणि त्यांच्या बळावर जंगल मोडून लागवड वाढवता येईल, असे त्याने स्पष्ट शब्दांत मांडले होते. कोष्टी आणि साळी यांचा धंदा बुडणे हे या हिशेबात नुकसान म्हणून धरलेले नव्हते; ते साधन म्हणून धरले होते. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडला गाठले, तेव्हा विणकरीचा आधार आटलेला आणि अन्नधान्याची जागा कापसाने घेतलेली, अशी या प्रदेशाची स्थिती होती. धोरणाचा हा भार एका माणसावर टाकणे योग्य नाही; पण ते धोरण इतक्या उघडपणे लिहून ठेवणारा अधिकारी कोण होता, कोणत्या घरात आणि कोणत्या परंपरेत वाढला होता, हे जाणून घेणे वऱ्हाडच्या वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

यवतमाळच्या बाबतीत लोहमार्ग आणखी उशिरा आला. मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद मार्ग, लोकांच्या तोंडी शकुंतला म्हणून राहिलेला, किलिक निक्सन या इंग्रज कंपनीच्या व्यवस्थापनाखाली विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिला. तोही मुख्यतः कापसासाठीच. १८६० च्या दशकातील आखणीचे धागे असे पुढच्या पिढीपर्यंत पोचलेले दिसतात.

मागे जाताना : कमिशनरपासून मृत्युपत्रापर्यंत

वंशशोधाचा पहिला नियम असा की माहीत असलेल्यापासून माहीत नसलेल्याकडे, एकेक पिढी मागे जायचे. प्रसिद्ध पूर्वज आधी धरून त्याच्यापासून खाली येण्याचा मोह धोक्याचा असतो. वडगावचा कर्नाक प्रसिद्ध आहे म्हणून कापूस कमिशनर त्याचा वंशज, असे गृहीत धरले तर पहिल्याच पायरीला चूक होते.

जॉन हेन्रीचा जन्म १८३८ चा. त्याचे वडील जॉन रिव्हेट-कर्नाक ब्रिटिश नौदलात होते आणि पुढे ॲडमिरल झाले. तरुणपणी, १८२७ मध्ये, कॅप्टन जेम्स स्टर्लिंगच्या सक्सेस या जहाजावर ते लेफ्टनंट होते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याची पाहणी करताना स्टर्लिंगने एका बेटाला त्यांचे नाव दिले. पर्थजवळचे ते बेट आजही कर्नाक बेट म्हणून नकाशावर आहे. ॲडमिरलचे थोरले बंधू म्हणजे मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स रिव्हेट-कर्नाक. म्हणजे गव्हर्नर हा कापूस कमिशनरचा सख्खा चुलता.

या दोन भावांचे वडील मुंबईत कंपनीच्या नोकरीत होते आणि तेथील कौन्सिलचे सभासद होते. त्यांचे जन्मनाव जेम्स रिव्हेट. कर्नाक हे नाव त्यांनी १८०१ मध्ये, राजाच्या परवानगीने, आपल्या नावापुढे जोडले. येथे वंशाचा धागा दोन दिशांना फुटतो. रक्ताचा धागा रिव्हेट घराण्याकडे, इंग्लंडमधील डर्बी गावी जातो. तेथील थॉमस रिव्हेट १७४८ ते १७५४ या काळात डर्बीचा पार्लमेंट सभासद होता. नावाचा धागा मात्र जनरल जॉन कर्नाक याच्याकडे जातो.

हे दोन धागे ज्या ठिकाणी एकत्र येतात, ती जागा एका स्त्रीची आहे. थॉमस रिव्हेटची मुलगी एलिझाबेथ कॅथरीन हिचे लग्न जॉन कर्नाकशी झाले. ती जेम्स रिव्हेटची बहीण. जोशुआ रेनॉल्ड्सने काढलेले तिचे पूर्णाकृती चित्र लंडनच्या वॉलेस संग्रहात आहे. नवऱ्याबरोबर ती हिंदुस्थानात आली आणि १७८० मध्ये येथेच वारली. जनरल कर्नाक १८०० मध्ये निवर्तला, तेव्हा त्याची मालमत्ता आपले नाव चालवण्याच्या अटीवर मेहुण्याकडे गेली. पुढच्या सगळ्या रिव्हेट-कर्नाकांच्या अंगात रक्त डर्बीच्या रिव्हेटांचे आहे; जनरलचे नाव त्यांच्याकडे मृत्युपत्रातून आले आहे.

मराठी वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही. कुळाचे नाव आणि घराचा वारसा चालावा म्हणून मेहुण्याला किंवा पुतण्याला पुढे करणे, दत्तक घेणे, ही आपल्याकडे मान्य परंपरा होती. ज्या राज्यव्यवस्थेत रिव्हेट-कर्नाकांना परकुळाचे नाव आणि मालमत्ता कायद्याच्या शिक्क्यानिशी घेता आली, तिनेच १८४८ मध्ये साताऱ्याचे आणि १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे वारसहक्क दत्तकाच्या प्रश्नावर नाकारले आणि दोन्ही राज्ये खालसा केली. एका इंग्रज घराण्याची वंशावळ तपासताना हा विरोधाभास समोर येतो, आणि तो नोंदवणे हे इतिहासाचे काम आहे.

मूळपुरुष : जनरल जॉन कर्नाक

नावाचा मूळपुरुष जॉन कर्नाक हा ह्यूगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट कुटुंबातला. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचा आदेश रद्द केल्यावर प्रोटेस्टंटांना फ्रान्समध्ये राहणे अशक्य झाले. हजारो कुटुंबे हॉलंड, इंग्लंड आणि आयर्लंडकडे गेली. त्यांतील अनेक जण इंग्लंडच्या राजाच्या सैन्यात शिरले. कर्नाकचे वडील पीटर सैन्यात कॅप्टन होते आणि जॉनचे शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. ज्याला मराठी बखरकार आणि इतिहासकार टोपीकर इंग्रज म्हणून ओळखतात तो असा फ्रेंच मुळाचा, आयर्लंडमध्ये शिकलेला, इंग्लंडच्या चाकरीतला माणूस होता.

त्याच्या जन्मवर्षाबाबत ग्रंथांत मतभेद आहे. मृत्यूच्या वेळी तो ८४ वर्षांचा होता ही नोंद धरली तर १७१६ येते. दुसरीकडे १७२१ दिले जाते. मृत्युसमयीचे वय अनेकदा अंदाजाने सांगितले जाते, तर विद्यापीठातील प्रवेशाची नोंद तरुणपणीच केलेली असते. एकाच माणसाच्या दोन तारखा समोर आल्या की कोणती नोंद घटनेच्या अधिक जवळ आणि कोणाच्या तोंडून झाली, हे पाहून निर्णय करायचा असतो.

राजाच्या ३९ व्या पायदळ पलटणीतून तो १७५४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १७५८ मध्ये कंपनीच्या सेवेत शिरला. जानेवारी १७६१ मध्ये बिहारमध्ये त्याने बादशहा शाहआलमच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईत फ्रेंच सेनानी जाँ लॉ पकडला गेला. फ्रेंच निर्वासितांच्या घरातला माणूस फ्रेंचांचे हिंदुस्थानातील शेवटचे बळ मोडत होता. क्लाइव्हच्या वर्तुळातला म्हणून त्याने पैसा कमावला, इंग्लंडला परतला आणि १७६८ मध्ये लेमिन्स्टरचा पार्लमेंट सभासद झाला. पुढे पैसा उडाला आणि १७७६ मध्ये तो मुंबईच्या कौन्सिलवर पुन्हा नोकरीस आला.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर १७७८ मध्ये, राघोबादादांना पेशवाईवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज पुण्याकडे निघाली. मोहिमेची सूत्रे एका समितीकडे होती. कर्नाक, कर्नल एजर्टन आणि मॉस्टिन हे तिचे सभासद. मॉस्टिन आजारी पडून लवकरच वारला. एजर्टनची प्रकृती ढासळली तेव्हा सैन्याचे नेतृत्व कॉकबर्नकडे गेले. समोर नाना फडणीस, महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर होते. मराठ्यांनी गावे आणि चारा जाळून फौजेची रसद तोडली. तळेगावाहून माघार घेण्याचा निर्णय झाला आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला वेढल्या गेलेल्या इंग्रजांना करार करावा लागला. वरिष्ठांनी करार नाकारला. कंपनीच्या संचालकांनी कर्नाक, एजर्टन आणि कॉकबर्न या तिघांना नोकरीवरून काढून टाकले.

त्याच मोहिमेत कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मारला गेला. त्याच्या शौर्याची कदर मराठ्यांनीच केली. इष्टुर फाकडा या नावाने तो लोकांच्या तोंडी राहिला आणि वडगावला त्याचे स्मारक आहे. कर्नाकला लोकांच्या स्मृतीत अशी जागा मिळाली नाही. तो कागदांत राहिला आणि नोकरी गेल्यावरही पश्चिम किनाऱ्यावरच राहून २९ नोव्हेंबर १८०० रोजी मंगळूरला वारला.

गव्हर्नर आणि सातारा

पुढच्या पिढीत घराण्याची प्रतिष्ठा सर जेम्स रिव्हेट-कर्नाकने वाढवली. तो बडोद्याला रेसिडेंट होता, पुढे लंडनमध्ये कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला, १८३६ मध्ये त्याला बॅरोनेट ही पदवी मिळाली आणि १८३९ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर म्हणून आला. त्याच वर्षी सप्टेंबरात प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवरून दूर करून काशीला पाठवण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि वर्षानुवर्षे कंपनी आणि पार्लमेंट यांच्या दारी झगडत राहिले. महाराज १८४७ मध्ये काशीलाच निवर्तले. प्रकृतीच्या कारणाने सर जेम्सने १८४१ मध्ये पद सोडले. १८४६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचा मृत्यू झाला.

मुंबईत त्याचे नाव बंदर, रस्ता आणि पूल यांच्या रूपाने राहिले. कर्नाक रोड पुढे लोकमान्य टिळक मार्ग झाला. १८६८ चा कर्नाक पूल २०२२ मध्ये पाडण्यात आला आणि त्या जागी उभा राहिलेला पूल २०२५ मध्ये सिंदूर पूल या नावाने सुरू झाला. ज्या १८६० च्या दशकात चुलत्याच्या नावाचा पूल मुंबईत उभा राहिला, त्याच दशकात पुतण्या वऱ्हाडात कापसाचे अहवाल लिहीत होता, आणि त्या कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदरांकडे निघत होत्या.

कागद कोठे आहेत

कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या नोकरांच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. मद्रासच्या नोंदी १६९८ पासून, मुंबईच्या १७०९ पासून आणि बंगालच्या १७१३ पासून मिळतात. वऱ्हाड कोणत्याच इलाख्यात नव्हते, त्यामुळे तेथे जन्मलेल्या मुलाची नोंद पाद्री कोणाच्या हाताखाली होता त्याप्रमाणे या तिन्हींपैकी कोठेही असू शकते. तिन्ही पाहिल्याशिवाय नोंद नाही असे म्हणू नये.

मुलकी नोकरीचा अर्ज करणाऱ्याला जन्माचा पुरावा द्यावा लागे. १७४९ ते १८५६ या काळातील असे अर्ज उपलब्ध आहेत आणि त्यांना बाप्तिस्म्याचे दाखले जोडलेले असतात. पालकांची नावे, गाव आणि शिफारस करणारा संचालक एकाच ठिकाणी मिळत असल्याने मूळ शोधण्यास हे कागद फार उपयोगी पडतात. त्यांच्या जोडीला मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या आहेत. रिव्हेट-कर्नाक घराण्यात तर मृत्युपत्र हाच वंशावळीचा सांधा आहे.

हिंदुस्थानातील दप्तरे तितकीच महत्त्वाची. मुंबईचे पुराभिलेखागार १८२१ पासूनचे. वडगाव, बडोदा आणि सातारा या प्रकरणांचे कागद तेथे पाहावे लागतात. मराठ्यांची बाजू पुण्याच्या पेशवे दप्तरातून कळते. वऱ्हाड रेसिडेंटच्या हाताखाली असल्याने १८५३ ते १९०३ मधील बराच पत्रव्यवहार हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील परराष्ट्र खात्याच्या कागदांत आहे. १९०३ नंतरचे कागद नागपूरकडे वळतात. छापील साधनांत आल्फ्रेड लायलने संपादित केलेले १८७० चे वऱ्हाड गॅझेटियर आणि ब्राउन व रसेल यांचे १९०८ चे यवतमाळ जिल्हा गॅझेटियर आधी वाचावे. थडग्यांवरील लेखांसाठी क्रॉफ्टनने १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेली मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांची यादी आहे; त्यातील कित्येक दगड आज झिजले असल्याने त्या यादीचे मोल वाढले आहे.

घराण्याबाहेरची माणसे कशी दिसतात, हेही पाहावे लागते. इंग्रज नोकरांच्या हिंदुस्थानी सहचारिणींची नावे चर्चच्या नोंदीत बहुधा येत नाहीत. मुलापुढे फक्त वडिलांचे नाव लिहिलेले असते. हैदराबादचा सावकार विल्यम पामर हा पुण्यात रेसिडेंट राहिलेल्या जनरल पामरचा आणि फैझ बक्ष बेगमेचा मुलगा. त्याच्या पेढीने निजामाला दिलेल्या कर्जांपोटी वऱ्हाडचा महसूल गुंतला होता. पामरची मुलगी मेरी हिचा नवरा कादंबरीकार मेडोज टेलर, जो १८५७ मध्ये बुलढाण्यास अधिकारी होता. या कुटुंबात आईचे नाव ठाऊक आहे, हा अपवाद होय. अन्यत्र फारसी कागद, इनामाच्या सनदा आणि मृत्युपत्रातील देणग्या यांतूनच अशा स्त्रियांचा माग लागतो.

पुराव्याची पारख

जॉन हेन्रीने १९१० मध्ये आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. आठवणींतून माणसाचा स्वभाव, घरातील गोष्टी आणि त्याला स्वतःविषयी काय सांगावेसे वाटते हे कळते. पण ते सत्तरीत लिहिलेले आहे आणि त्याच्या वऱ्हाडातील कामाला तेव्हा चाळीस वर्षे होऊन गेली होती. म्हणून तारखा आणि हुद्दे त्या त्या वर्षीच्या नोकरीच्या याद्यांतून, आणि धोरणे त्याच्याच अहवालांतून पडताळावी. अहवालातला कमिशनर आणि आठवणींतला गृहस्थ एकमेकांसमोर ठेवले की खरा माणूस अधिक स्पष्ट होतो.

दुसरी अडचण सारख्या नावांची. या घराण्यात जेम्स आणि जॉन ही नावे पिढ्यानुपिढ्या आली आहेत. वडगावचा जॉन, ॲडमिरल जॉन आणि कापसाचा जॉन हेन्री हे तीन वेगळे. कौन्सिलचा जेम्स आणि गव्हर्नर जेम्स हे बाप-लेक. केवळ नाव जुळले म्हणून नोंद जोडू नये. वय, हुद्दा, ठिकाण आणि नातेवाईक यांपैकी दोन तरी गोष्टी जुळायला हव्यात. १८०१ पूर्वीच्या कागदात रिव्हेट-कर्नाक हे जोडनाव सापडणार नाही, हेही तारखेवरून नोंद पारखण्याचे एक साधन आहे.

कमिशनरचे दुसरे जीवन

कापूस खाते सोडल्यावर जॉन हेन्री उत्तर हिंदुस्थानात अफूच्या खात्यात गेला आणि गाझीपूरला अफू एजंट झाला. पण विदर्भाच्या अभ्यासकांना तो आणखी एका कामासाठी ठाऊक आहे. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिळावर्तुळांची, म्हणजे महापाषाणकालीन दफनांची, त्याने पाहणी आणि खोदाई केली आणि १८७९ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. दगडांवरील वाटीसारख्या खळग्यांकडे त्याने लक्ष वेधले आणि तशाच खुणा त्याला कुमाऊँच्या डोंगरातही आढळल्या होत्या. विदर्भाच्या महापाषाण संस्कृतीच्या संशोधनात जुनापाणीची ती नोंद आरंभीच्या कामांपैकी एक आहे. त्याने जमवलेल्या प्राचीन दगडी हत्यारांचा काही भाग ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. निवृत्तीनंतर तो स्वित्झर्लंडमध्ये राहिला आणि १९२३ मध्ये वारला.

विणकरांच्या हातांकडे केवळ मजूर म्हणून पाहणारा अधिकारी आणि विदर्भाच्या प्राचीन दफनांकडे जिज्ञासेने पाहणारा संशोधक, हे एकाच व्यक्तीचे दोन पैलू आहेत. एकाने दुसऱ्याला झाकू देऊ नये.

अभ्यासाची दिशा

जॉन हेन्री, ॲडमिरल जॉन, कौन्सिलचा जेम्स रिव्हेट आणि डर्बीचा थॉमस हा रक्ताचा क्रम; जेम्सची बहीण एलिझाबेथ हा त्याला नावाच्या क्रमाशी जोडणारा दुवा. आणि पीटर कर्नाक, जनरल जॉन, मृत्युपत्र व १८०१ ची परवानगी हा नावाचा क्रम. हे दोन क्रम शेजारी ठेवले की घराण्याचे चित्र पूर्ण होते. पुढील काम जिल्ह्याच्या पातळीवर करण्यासारखे आहे. कापूस खात्याच्या अहवालांतील वणी जिल्ह्याचे उल्लेख तालुकावार काढणे, ते जमाबंदीच्या कागदांशी आणि गावोगावच्या कोष्टी, साळी, बंजारा व कास्तकार कुटुंबांच्या स्वतःच्या वंशावळींशी ताडून पाहणे, आणि कापसाखालील जमीन कोणत्या दशकात कोठे वाढली हे नकाशावर मांडणे, ही त्याची मुख्य अंगे.

कमिशनरच्या घराण्याचा प्रत्येक दुवा कागदावर आहे. ज्यांच्या हातचे माग थांबले त्या घराण्यांचे कागद विखुरलेले आहेत. पहिल्याचा शोध घेताना जी काटेकोर रीत वापरली जाते, तीच दुसऱ्यांसाठी वापरली, तर यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासात दोन्ही बाजूंच्या पूर्वजांना सारख्याच पुराव्याने स्थान मिळेल.